दोन फेऱ्यांमधले पंधरा दिवस : नगर रस्त्यावरील एका फिरत्या शालेय ग्रंथालयाचा प्रकरण अभ्यास

पुण्यातील सरकारी प्राथमिक शाळांमध्ये पुस्तकेच नसतात, ही समजूत बहुतेक शाळांच्या बाबतीत खरी नाही. बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीतच प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेसाठी ते ५,००० रुपयांपर्यंत असते. शिवाय देणगीदार पुस्तके देतात, निवृत्त होणारे शिक्षक देतात, वाढदिवसानिमित्त पालकही देतात. पुस्तके येतात, नोंदवहीत चढतात आणि कपाटात जातात. कपाटातून ती मुलाच्या हातात आणि हातातून घरी का जात नाहीत, हा या प्रकरणाचा विषय आहे. एका फिरत्या ग्रंथालयाच्या कामातून हा प्रश्न जितका स्वच्छ दिसला, तितका तो शाळेच्या नेहमीच्या कारभारात दिसत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. संस्था, शाळा आणि माणसे यांची नावे हेतुतः दिलेली नाहीत.

शाळा आणि तिचा परिसर

ही शाळा नगर रस्त्याच्या पट्ट्यात, खराडी ओलांडून वाघोलीकडे जाताना लागणाऱ्या एका वस्तीत आहे. माध्यम मराठी, वर्ग पहिली ते सातवी, आणि खोल्या अपुऱ्या असल्याने सकाळ-दुपार अशी दोन सत्रे. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या तेवीस गावांपैकी एक. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या पट्ट्यात माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती आणि उंच गृहसंकुले उभी राहिली, आणि ती उभी करणारी, त्यांत धुणीभांडी करणारी, रात्री राखण करणारी कुटुंबे आसपासच्या पत्र्याच्या खोल्यांत राहू लागली. जुन्या दगडखाणींवर काम करणारी कुटुंबे त्याआधीपासून तिथे होती. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर आणि उत्तर कर्नाटक या भागांतून आलेल्या या घरांत वडारी, लमाणी, कन्नड किंवा हिंदी बोलली जाते. काही घरांत मराठी बोलली जाते, पण तीही पाठ्यपुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी. मुलांच्या घरात छापील अक्षर म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका, किराणा मालाची पाकिटे आणि शाळेची पुस्तके, एवढेच.

पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ ची आहे. म्हणजे या शहराला सार्वजनिक वाचनालयाची पावणेदोनशे वर्षांची सवय आहे. परंतु ती सवय प्रामुख्याने पेठांतल्या आणि त्यांना लागून वाढलेल्या शहराची आहे. पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात जे पुस्तक दुकानाच्या पायरीवरही दिसते, ते या वस्तीतल्या मुलाच्या नजरेस वर्षानुवर्षे पडत नाही, कारण त्याच्या घरातले कुणी त्या चौकात जाण्याचे काही कारणच नसते. पुस्तकांनी भरलेली गाडी शाळेच्या फाटकात आणण्याची एका संस्थेची कल्पना या अंतरातून आली.

कपाट बंद का होते

योजना सुरू होण्यापूर्वी या शाळेत दोन लोखंडी कपाटे पुस्तकांनी भरलेली होती. त्यांना कुलूप होते आणि किल्ली मुख्याध्यापिकांकडे होती. हे ऐकल्यावर बाहेरचा माणूस लगेच शाळेला दोष देतो. तो दोष अन्यायाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेतले प्रत्येक पुस्तक नोंदवहीत क्रमांकासह चढवलेले असते आणि मुख्याध्यापक बदलला की चार्ज देताना टेबले, खुर्च्या, पाण्याच्या टाक्या यांच्याबरोबर पुस्तकेही मोजून द्यावी लागतात. फाटलेले पुस्तक काढून टाकायचे तर निर्लेखनाची प्रक्रिया करावी लागते. ज्या बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत, त्यांना पन्नास रुपयांचे पातळ चित्रपुस्तक पहिलीच्या मुलाच्या दप्तरात घालून पाठवणे हा धोका वाटला, तर त्यात त्यांची वाचनाविषयीची अनास्था शोधू नये. या मुख्याध्यापिका स्वतः उत्तम वाचक आहेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत गाडीवाल्या संस्थेला एकच प्रश्न विचारला, तो असा की तुमचे पुस्तक हरवले तर भरून कोण देणार. त्या वेळी या प्रश्नाकडे कारभारातली किरकोळ शंका म्हणून पाहिले गेले. प्रत्यक्षात योजनेचे पुढचे सगळे भवितव्य त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरले.

पहिले वर्ष : गाडी येते आणि जाते

गाडी म्हणजे 'छोटा हत्ती' म्हणतात त्या आकाराचा टेम्पो. दोन्ही बाजूंची झडप वर उघडते आणि आत तिरक्या फळ्यांवर पुस्तके मुखपृष्ठ समोर ठेवून मांडलेली असतात. फळ्यांना तिरकस उतार आणि पुढून इलॅस्टिकचा पट्टा असल्याने नगर रस्त्यावरच्या खड्ड्यांतही पुस्तके घसरत नाहीत. मुखपृष्ठ समोर असणे फार महत्त्वाचे आहे, कारण नीट वाचता न येणारे मूल पुस्तकाच्या कण्यावरचे नाव वाचून पुस्तक निवडू शकत नाही. ते चित्र पाहून निवडते. गाडीवर चालक आणि दोन वाचनताई असत. चालकाला मुले काका म्हणत आणि पुष्कळदा पुस्तक शोधून देण्याचे कामही तेच करत.

पहिल्या वर्षी ठरलेली पद्धत अशी होती की गाडी दर पंधरवड्याला एकदा येईल, प्रत्येक वर्गाला पाऊण तासापेक्षा थोडा कमी वेळ मिळेल, मुले पुस्तके निवडून व्हरांड्यात बसून वाचतील आणि वेळ संपताच परत करतील. पुस्तके घरी न्यायची नाहीत, असा नियम संस्थेचाच होता. त्यामागेही हरवण्याचीच भीती होती. गाडी आली की मुले धावत सुटत, छायाचित्रे सुंदर येत, भेट देणारे पाहुणे प्रसन्न होऊन जात. वर्षाअखेर मात्र शिक्षकांनी आणि वाचनताईंनी एकत्र बसून साधा हिशेब मांडला. शाळेचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते आणि एप्रिलमध्ये परीक्षांत संपत जाते. त्यातून दिवाळीची सुट्टी वगळली तर पंधरवड्याच्या फार तर वीस फेऱ्या होतात. एका फेरीत एका मुलाच्या वाट्याला पस्तीस मिनिटे आली, असे धरले, तरी वर्षभरात त्याचा पुस्तकाशी संबंध बारा तासांचाही होत नाही. त्यात जुलै-ऑगस्टच्या पावसात झडप उघडता येत नाही, निवडणुकीच्या कामाला शिक्षक गेले की वर्ग एकत्र बसवले जातात, आणि कधी रस्त्यावरच्या कोंडीत गाडी सकाळचे सत्र सुटल्यावर पोहोचते. एक फेरी बुडाली की पुस्तक थेट महिन्याने दिसते.

त्याहून बोचणारी गोष्ट मोठ्या मुलांच्या बाबतीत होती. सहावी-सातवीतल्या ज्या मुलींना खरोखर गोडी लागली होती, त्या पुस्तक निम्म्यावर आल्यावर परत करत आणि पुढच्या वेळी ते पुस्तक दुसऱ्या शाळेत गेलेले असे. निम्मी गोष्ट वाचून ठेवायला लावणे ही गोडी मारण्याचीच रीत आहे. दुसरीकडे पहिली-दुसरीची मुले पस्तीस मिनिटांत पाच-सहा पुस्तके घेऊन पाने उलटत आणि ठेवून देत. त्यांना थांबवून एक पुस्तक वाचून दाखवायला कुणी मोकळे नसे, कारण दोन्ही ताई पुस्तके देण्या-घेण्यातच गुंतलेल्या असत.

पेटी

दुसऱ्या वर्षी केलेला मुख्य बदल जुनाच होता. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञांना बडोद्यास बोलावले आणि त्यानंतर संस्थानात जी ग्रंथालयव्यवस्था उभी राहिली, तिच्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या होत्या. पेटी गावात राही, वाचली जाई आणि मग पुढे जाई. १९३१ मध्ये तमिळ प्रदेशातील मन्नारगुडी परिसरात बैलगाडीवरून ग्रंथालय फिरवण्यात आले, एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली तेही याच वर्षी. 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' या त्यांतल्या दोन सूत्रांना गाडी काही प्रमाणात न्याय देते. पण त्यासाठी पुस्तक वाचकाजवळ राहावे लागते, आणि ते गाडीचे नव्हे, पेटीचे काम आहे. अलीकडच्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेतून पुस्तकांच्या पेट्याच वाचकांच्या गटांकडे पाठवल्या, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना माहीत आहे.

नगर रस्त्याच्या शाळेत प्रत्येक वर्गाला पत्र्याची एक पेटी दिली गेली. वर्गात जितकी मुले, त्यांच्या दीडपट पुस्तके, म्हणजे शेवटी निवडणाऱ्या मुलापुढेही काही पर्याय उरावा. गाडी पूर्वीसारखीच पंधरवड्याने येत राहिली, पण आता तिचे काम पेट्या बदलणे, फाटलेली पुस्तके दुरुस्तीला नेणे आणि मुलांनी मागितलेली पुस्तके आणणे हे झाले. देण्या-घेण्याची वही वर्गातलीच दोन मुले आठवड्याच्या पाळीने सांभाळू लागली. ताई मोकळ्या झाल्या आणि वर्गात बसून वाचून दाखवू लागल्या.

पुस्तक घरी नेता येईल, हे जाहीर केल्यावर मुख्याध्यापिकांचा जुना प्रश्न परत समोर आला, आणि या वेळी संस्थेने त्याचे लेखी उत्तर दिले. पेटीतले कोणतेही पुस्तक शाळेच्या नोंदवहीत चढणार नाही. ते संस्थेचे राहील आणि हानीही संस्थेची. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे मुलाकडून घ्यायचे नाहीत, त्यासाठी पालकांना बोलवायचे नाही आणि त्या मुलाला पुढचे पुस्तक द्यायचे थांबवायचे नाही. संस्थेने अंदाजपत्रकातच दर दहा पुस्तकांमागे एक नाहीसे होईल, असे धरले आणि शाळेत खडू जसे वापरून संपण्यासाठीच आणतात, तसा पुस्तकांचा हा भाग खर्चात टाकला. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा कागद वाचून दाखवला गेला. सभेतल्या एका आईने, मूल लहान आहे, धाकटे भावंड पुस्तक फाडेल, म्हणून आपणहून नको म्हटले होते. कागद ऐकल्यावर तिने होकार दिला. गरीब घरात पुस्तक हरवण्याची भीती शाळेपेक्षाही मोठी असते, हे त्या सभेत कळले. दिवसाच्या मजुरीतून शंभर रुपये भरून द्यावे लागतील, या धास्तीने आईवडील मुलाला पुस्तक आणूच नको असे सांगतात, आणि शिक्षकांना मात्र पालकांना वाचनाचे महत्त्व कळत नाही, असे वाटत राहते.

पहिल्या तीन महिन्यांत पुस्तके अपेक्षेपेक्षा जास्त गायब झाली आणि संस्थेच्या कार्यालयात चिंता वाढली. पुढे त्यांतली पुष्कळ परत आली. कुटुंब सणाला गावी गेले होते, दप्तरासह पुस्तकही गेले होते. काही आली नाहीत, कारण बांधकाम संपल्यावर कुटुंबच दुसऱ्या साइटवर निघून गेले. अशा पुस्तकाला मी हानी मानत नाही. वर्षात दोन शाळा बदलणाऱ्या मुलाच्या सामानात गोष्टीचे एक पुस्तक राहिले असेल, तर योजनेचा पैसा योग्य जागी गेला. हरवण्यापेक्षा फाटण्याचा प्रश्न अधिक खरा निघाला. लहान मुलांची बहुतेक पुस्तके सोळा ते चोवीस पानांची, मधोमध पिना मारलेली असतात. पिना गंजतात, मधले पान सुटते. नवीन पुस्तक पेटीत घालण्यापूर्वी पिना काढून दाभणाने जाड दोऱ्याची शिवण घालायची, हा उपाय एका शिक्षिकेच्या शिवणकाम करणाऱ्या आईने सुचवला, आणि तो टिकला. खाकी कव्हर घालण्याची शाळेतली सवय मात्र मोडावी लागली, कारण मुखपृष्ठ झाकले की पुस्तक निवडलेच जात नाही.

कोणती पुस्तके

या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा भाग पुस्तकनिवडीचा आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

मराठीत वाचायला शिकणारे मूल आधी अक्षर आणि काना-मात्रा-वेलांटी ओलांडते आणि मग जोडाक्षरांपाशी अडखळते. म्हणून लहानांसाठी जोडाक्षरे टाळलेली पुस्तके घ्यावीत, असा सल्ला नेहमी दिला जातो आणि सुरुवातीला पेट्यांत तशीच पुस्तके भरली होती. मुलांनी ती घेतली, वाचली आणि पुन्हा मागितली नाहीत. कारण उघड आहे. 'म्हणाला' हा शब्द टाळून गोष्ट सांगता येत नाही. 'आम्ही', 'तुम्ही', 'कुत्रा', 'रात्र', 'दुसऱ्या दिवशी' हे सगळे शब्द टाळले की उरतात ती 'कमल नळ बघ' या धाटणीची वाक्ये, ज्यांत पुढे काय झाले, हे जाणून घेण्याजोगे काही नसते. दुसरीतल्या मुलांच्या अनुभवातून असे दिसले की जे जोडाक्षर बोलण्यात रोज येते, जे चित्रात दिसते आणि जे गोष्टीत पाच-सहा वेळा परत येते, ते मूल सुटे न फोडता अख्खा शब्द म्हणूनच ओळखते. 'कुत्र्याच्या' या शब्दात अडकणारे मूलसुद्धा तिसऱ्यांदा तो शब्द आला की पुढे सरकते. म्हणून निवडीचा निकष बदलला. जोडाक्षर आहे की नाही यापेक्षा एका पानावर किती ओळी आहेत, वाक्य ओळीच्या मध्येच तुटते का, अक्षर पुरेसे मोठे आहे का, आणि एखादी ओळ पुनःपुन्हा येते का, हे पाहिले जाऊ लागले. रफार आणि 'ऱ्य' यांची गर्दी असलेली पुस्तके तिसरीपुढे ठेवली गेली.

पुस्तकांची काठिण्यपातळी ओळखू यावी म्हणून मुखपृष्ठावर रंगीत ठिपके चिकटवले होते. त्याचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता, तो एका वाचनताईंनी टिपला. सहावीतला एक मुलगा प्रत्येक वेळी सर्वांत सोप्या रंगाची पुस्तके नेत असे आणि धाकट्या भावासाठी नेतो, असे सांगत असे. त्या शाळेत त्याला भाऊ नव्हता. त्याला स्वतःला नीट वाचता येत नव्हते आणि सहावीच्या वर्गात ते उघड होण्याची त्याला लाज होती. घरी नेण्याची मुभा मिळाल्याने त्याला ही पुस्तके कुणाच्या नजरेखाली न येता वाचता येत होती. ताईंनी त्याला काहीही विचारले नाही. त्यांनी पुढच्या फेरीत सर्व पुस्तकांवरचे ठिपके काढून मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लहान खूण केली आणि सहावी-सातवीच्या पेट्यांत विज्ञान, प्राणी, यंत्रे, क्रिकेट अशा विषयांची, मजकूर थोडा पण विषय मोठ्यांचा, अशी पुस्तके वाढवली. मोठ्या मुलासाठी सोपे पुस्तक म्हणजे सशा-कासवाचे पुस्तक नव्हे, हे प्रकाशकांनीही मनावर घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. मराठीत अशा पुस्तकांचा तुटवडा आहे. हा मुलगा दिवाळीनंतर तिसरीच्या पातळीची पुस्तके नेऊ लागला होता. तो किती पुढे गेला, हे परीक्षेच्या गुणांत दिसेलच असे नाही.

घरच्या भाषेचा प्रश्न पेट्यांनी पुरता सुटला नाही. हिंदी आणि कन्नड पुस्तके मिळतात. वडारी किंवा लमाणीत लहानांसाठी छापलेले पुस्तक मिळणे फार कठीण. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मुक्त संकेतस्थळावरची पुस्तके छापून घेता येतात आणि त्यांचा अनुवादही करता येतो, याचा उपयोग ताईंनी केला. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एका मावशींकडून त्यांनी चित्रे दाखवून गोष्ट वडारीत सांगून घेतली, देवनागरीत लिहिली आणि चित्रांखाली चिकटवली. अशी मोजकीच पुस्तके झाली, पण पहिलीच्या पेटीत ती कधी शिल्लक राहिली नाहीत. त्या मावशींना स्वतःला वाचता येत नाही. गोष्ट त्यांचीच असल्याने मूल चुकले की त्या भांडी घासता घासता दुरुस्त करत.

शिक्षक

पहिल्या वर्षी गाडी आली की शिक्षक कार्यालयात जाऊन ऑनलाइन माहिती भरण्याचे साचलेले काम उरकत. त्यांच्यावर त्या कामाचा किती भार असतो, हे माहीत असलेला माणूस यात आळस पाहणार नाही. परंतु गाडी म्हणजे बाहेरच्यांचा कार्यक्रम, अशी भावना त्यातून तयार झाली होती. पेटी वर्गात राहू लागल्यावर ती भावना आपोआप गेली असे नाही; काही वर्गांत पेटी आठवडाभर उघडली जात नसे. तिसरीच्या बाईंनी मात्र पोषण आहारानंतरची पंधरा मिनिटे रोज वाचून दाखवण्यासाठी ठेवली. त्या एक गोष्ट सलग संपवत नसत. उत्कंठेच्या जागी थांबून पुस्तक पेटीत ठेवत आणि ज्याला पुढचे हवे त्याने घरी न्यावे, असे सांगत. त्यांच्या वर्गातली वही भरभर भरत गेली. दुसऱ्या शिक्षिकांनी ते पाहिले आणि त्यांनीही सुरू केले. कुणी परिपत्रक काढले नव्हते.

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. या शाळेतही होतो. दुसऱ्या वर्षी त्या दिवशी भाषणांऐवजी मुलांनी आपापल्या पेटीतले पुस्तक दुसऱ्या वर्गात जाऊन वाचून दाखवले. सातवीच्या मुली पहिलीत गेल्या आणि त्यानंतर दर शनिवारी जाऊ लागल्या.

मोजायचे काय

संस्थेच्या देणगीदारांना दर तिमाहीला किती पुस्तके दिली गेली, हा आकडा हवा असे. तो आकडा पहिल्या वर्षीच मोठा होता, कारण पस्तीस मिनिटांत सहा पुस्तके चाळणारे मूल त्यात सहा वेळा मोजले जात होते. दुसऱ्या वर्षी तो घटला आणि कार्यालयाला स्पष्टीकरण द्यावे लागले. या प्रसंगातून ताईंनी आपली स्वतंत्र वही सुरू केली. प्रत्येक फेरीत प्रत्येक वर्गातल्या पाच मुलांशी पुस्तकाविषयी बोलायचे आणि त्यांच्याच शब्दांत दोन ओळी लिहायच्या. पुस्तक अर्धवट सोडले असेल तर का सोडले, तेही विचारायचे. पुस्तक सोडण्याची कारणे वाचण्याच्या कारणांपेक्षा निवडीला अधिक उपयोगी पडली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा टप्प्यांनी वाचनक्षमता तपासण्याची रीत आता बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे आणि २०२१ पासून लहान वर्गांतल्या वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानामुळे तिला महत्त्वही आले आहे. ती तपासणी हवीच. पण वाचता येणे आणि वाचावेसे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेटी वाचावेसे वाटण्यासाठी आहे; तिच्यावर वाचता येण्याचे निकष लादले तर पेटीचेही पाठ्यपुस्तक होईल.

खर्चाविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की फिरत्या ग्रंथालयात पुस्तकांवरचा खर्च सर्वांत लहान असतो. इंधन, चालकाचा पगार, विमा आणि गाडीची देखभाल यांतच बहुतेक पैसा जातो. गाडी एका शाळेत अर्धा दिवस उभी राहण्याऐवजी पेट्या बदलून तासाभरात निघू लागली, तेव्हा त्याच खर्चात तिला दिवसाला दुसरी शाळाही घेता आली.

सध्याची स्थिती

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापिकांनी शाळेच्या दोन कपाटांपैकी एकाचे कुलूप काढले. त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीकडून ठराव करून घेतला की वापरातून जीर्ण झालेल्या पुस्तकांचे दरवर्षी एप्रिलमध्ये रीतसर निर्लेखन केले जाईल आणि नव्या अनुदानातून पातळ पुस्तके अधिक प्रतींत घेतली जातील. ठराव इतिवृत्तात आल्याने पुढच्या मुख्याध्यापकांनाही त्याचा आधार राहील. दुसरे कपाट अजून बंद आहे. त्यात जाडजूड चरित्रे आणि कोश आहेत आणि त्यांचा उपयोग शिक्षकांना होईल, अशी व्यवस्था करण्याचे चालले आहे. मे महिन्याच्या सुट्टीत पेट्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न दोन्ही वर्षे अनुत्तरित राहिला. शाळा बंद असते, निम्मी मुले गावी जातात, पण उरलेली वस्तीतच असतात आणि त्यांच्याकडे वेळच वेळ असतो. या वर्षी एक पेटी अंगणवाडी ताईंच्या खोलीत आणि एक सातवीतल्या एका मुलीच्या घरी ठेवून पाहायचे ठरले आहे.

शाळेचे स्वतःचे कपाट चालू लागल्यामुळे गाडी आता तिथे महिन्यातून एकदा पुरते. वाचलेली फेरी दगडखाणीच्या बाजूच्या एका छोट्या शाळेला देण्याचा निर्णय झाला आहे. तिथे रस्ता अरुंद आहे आणि टेम्पो फाटकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून पेट्या मुख्य रस्त्यापासून हातगाडीवरून न्याव्या लागतील. तिथल्या पालकांची सभा जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि हरवलेल्या पुस्तकांविषयीचा तो कागद या वेळी मराठीबरोबर वडारीतही समजावून सांगितला जाणार आहे.